बाघरोलाचा घसा

माझ्या आयुष्यातली एकमेव नायकाची भूमिका मी एका मांजरासाठी केली, आणि ती चालू असतानाच माझा आवाज फुटला. या दोन गोष्टी एकाच वर्षी व्हायला नको होत्या, पण आमच्या घरात कुठल्याच गोष्टीला कधी धड मुहूर्त लागलेला नाही.

आम्ही तेव्हा डमडमला राहत होतो. बाबा बँकेत अधिकारी. साताऱ्याहून त्यांची बदली कोलकात्याला झाली तेव्हा मला चालता येत नव्हतं. "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं सगळ्यांना सांगून आम्ही निघालो होतो, ते मी सातवीत गेलो तरी तिथेच. अधूनमधून बदलीची हूल उठायची, आई काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची, हूल विरायची, आणि आई पुटपुटत भांडी पुन्हा फडताळात मांडायची.

आईला धास्ती होती ती माझ्या मराठीची. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला बंगाली, रिक्षावाल्याशी हिंदी. मराठी बोलायला घरात दोनच माणसं, त्यातले बाबा गरजेपुरतंच तोंड उघडणारे. म्हणून दर रविवारी सकाळी, बाकीची पोरं क्रिकेट खेळत असताना, मी पलंगावर मांडी घालून कविता पाठ करत असे. गणपतीत मराठी मंडळाच्या पाठांतर स्पर्धेत दर वर्षी पहिला येत असे. यात माझं कर्तृत्व बेताचंच होतं. स्पर्धक चार, त्यातले दोघं स्टेजवर जाऊन रडायचे. पण आवाज मात्र होता हं. स्वच्छ, पातळ, वरच्या पट्टीतला. मी उभा राहिलो की मंडळातल्या काकू पदराने डोळे टिपायच्या आणि आई त्यांच्याकडे बघून खात्री करून घ्यायची.

एस्प्लनेडच्या मागे एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. तिथे एक बंगाली दिग्दर्शक आणि चित्रं काढणारी काही पोरं-पोरी मिळून कार्टून सिनेमा बनवत होती. सिनेमा बाघरोलावर होता. बाघरोल म्हणजे तिकडचं रानमांजर. हावड्याच्या बाजूला दलदलीत राहतं, अंगावर ठिपके, बांधा ठेंगणा आणि सवय अशी की सरळ पाण्यात उडी मारून मासे धरतं. सिनेमात पुरात वाहत आलेलं बाघरोलाचं पिल्लू मासळीबाजारातल्या मांजरांना सापडतं. एक मांजरी त्याला आपल्या पोरांत वाढवते. पण ते तळं दिसलं की उडी मारतं आणि निथळत घरी येतं. मांजरांत ओलं होऊन फिरणं म्हणजे केवढी नामुष्की. सगळी मिळून त्याला हाकलून देतात. मग ते होडीत लपून नदी ओलांडतं, भटकतं, मार खातं, आणि मोठा पूर येतो तेव्हा परत येऊन त्याच मांजरांना वाचवतं. शेवटी बाजाराचा म्होरक्या बोका म्हणतो, राहा इथेच, फक्त पाण्यात जाणं सोड. त्यावर बाघरोल म्हणतं, "मी पाण्यात जाणार. तुम्ही काठावर बसा, मी मासे आणतो."

हा सिनेमा एका मराठी वाहिनीला हवा होता. मुंबईहून कलाकार आणणं दिग्दर्शकाला परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने कोलकात्याच्या मराठी मंडळाला विचारलं. मंडळाला आणखी काय हवं होतं? आठवडाभरात पात्रयोजना झाली. बाघरोल मी. मांजरी आई. बोका म्हणून रेल्वेतले एक काका, जे "चहा घ्या" सुद्धा असं म्हणायचे की समोरच्याने उभं राहून घ्यावा. बाकीची पिल्लं म्हणजे मंडळातली पोरं. आणि मराठी संवादही आईनेच लिहिले, कारण दुसऱ्या कुणाच्या मराठीवर तिचा विश्वास नव्हता.

आईच्या संवादांनी पहिल्याच दिवशी घोळ केला. डबिंगमध्ये पडद्यावरचं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढ्यातच बोलून संपवावं लागतं. बंगाली मांजर "जाबो" म्हणून मोकळं व्हायचं. आईने तिथे लिहिलं होतं, "बरं तर मग, मी आता निघते कशी." मांजर तोंड मिटून जिना उतरून गेलं तरी आईचं वाक्य चालूच. बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून म्हणाले, "पोटातून बोलतंय वाटतं." आईने त्या रात्री सगळे संवाद छाटले, पण बाबांशी दोन दिवस बोलली नाही. बाबांना बहुधा ते कळलंच नाही.

रेकॉर्डिंग सुरू होतंय तोच, ऐन मेमध्ये, बोका काकांची बिलासपूरला बदली झाली. तातडीने आमच्या घरी बैठक बसली. आमच्या मंडळात लग्न असो, नाटक असो की कुणाची शस्त्रक्रिया, पहिला प्रश्न एकच असतो: कुणाची बदली कधी? दिग्दर्शक पोहे खात ऐकत होता. सगळ्यांच्या बदल्यांचा सांगोपांग विचार झाला आणि असं ठरलं की बोक्याचे प्रसंग आधी उरकायचे. बोका बोलतो फक्त पुरात आणि शेवटी. म्हणजे सिनेमाचा शेवट आधी करायचा आणि सुरुवात मग सावकाश. कुणाची बदली कधी हे सगळ्यांना पाठ होतं. कुणाचा घसा कधी, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

शेवट मात्र असा झाला म्हणता. मी काचेमागच्या खोलीत माईकसमोर उभा राहून म्हणालो, "मी पाण्यात जाणार. तुम्ही काठावर बसा, मी मासे आणतो." काचेपलीकडे आईचे डोळे भरले. आम्ही तिघंही शाकाहारी, घरात मासा कधी शिजला नाही, पण माशांवरून आईला एवढं भरून आलेलं मी प्रथमच पाहिलं. तिने ते वाक्य फोनमध्ये भरून घेतलं आणि साताऱ्याच्या आजीपासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांना पाठवलं. काका बोक्याचं बिऱ्हाड आटोपून बिलासपूरला गेले.

पुढे माझी परीक्षा आली, मग पावसाने गल्ली तुंबली आणि स्टुडिओच्या जिन्यापर्यंत पाणी आलं, मग दुर्गापूजा आली. पूजेच्या आधी आणि नंतर कोलकात्यात कुणी कुणाला काम सांगत नाही, सांगितलं तरी समोरचा ते विनोद समजून हसतो. त्या दिवसांत मी मांडवांमधून भटकलो, फुचके, म्हणजे तिकडची पाणीपुरी, खाल्ले आणि दसऱ्याच्या सकाळी आजीला फोन लावला. "आजी, दसऱ्याचा नमस्कार," मी म्हणालो. पलीकडून आजी म्हणाली, "नमस्कार. आपण कोण बोलताय?"

मी खाकरलो, पुन्हा बोललो. वाक्य वरून सुरू झालं आणि मधेच तळघरात गेलं. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि आजीला सांगितलं की पोराने चिंचेचं पाणी ढोसून घसा बसवून घेतलाय.

मग उपचार सुरू झाले. हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी. खालच्या मजल्यावरच्या माशीमांनी, म्हणजे बंगाली मावशींनी, होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या आणि त्यावर कांदा खायचा नाही म्हणून बजावलं. घसा काही बसायला तयार नाही, म्हणजे उठायला तयार नाही. शेवटी एकदा चहा पिताना बाबा म्हणाले, "अगं, त्याच्या ओठावर बघ जरा."

"काजळी आहे ती. दिवाळीच्या फटाक्यांची," आई म्हणाली.

"दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे," बाबा म्हणाले.

आईने कप उचलले आणि आत गेली. तिला कळलं नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

दिवाळी झाली आणि स्टुडिओतून बोलावणं आलं. सिनेमाची सुरुवात राहिली होती: पिल्लू लहान आहे, बाकीच्या पिल्लांबरोबर खेळतंय, पहिल्यांदा तळं बघतंय. मंडळातली पोरं माझ्या आजूबाजूला माईकपाशी उभी. पडद्यावर इवलंसं, गोल डोळ्यांचं पिल्लू तळ्याकाठी आलं आणि मी म्हणालो, "आई, मला पाण्यात जायचंय."

"आई" पिल्लाचं होतं. "मला" कुणाचं होतं ते कळलं नाही. "पाण्यात जायचंय" हे एखाद्या हवालदाराने म्हटल्यासारखं आलं. पोरं खो खो हसत सुटली. हसून हसून एक पोरगी खाली बसली. मीही हसल्यासारखं केलं. काचेपलीकडे दिग्दर्शकाने हेडफोन काढून मानेवर घेतले आणि आईकडे बघितलं. आई तिच्या पर्समध्ये ज्येष्ठमध शोधत होती.

त्यानंतर जे जे केलं त्याचा आज विचार केला तरी चिडायला होतं. माझा आवाज कॉम्प्युटरवर उंच करून बघितला, तर बाघरोलाचा डास झाला. मला कुजबुजत बोलायला लावलं, तर पिल्लू काहीतरी चोरायला आल्यासारखं वाटलं. शेवटी आई म्हणाली, "मी बघू का बोलून?" आणि बोलली. आणि चांगलं बोलली, हीच तर पंचाईत. दिग्दर्शक आईला बौदी, म्हणजे वहिनी म्हणायचा. तो म्हणाला, "बौदी, ये चलेगा शायद." म्हणजे मांजरीही आई आणि पिल्लूही आई. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "घरी तरी वेगळं काय असतं? प्रश्नही तीच विचारते, उत्तरही तीच देते."

मला हसू आलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. रडताना सुद्धा आवाज फाटत होता, त्याचाही राग आला. मला त्या शहरात एकाच गोष्टीसाठी ओळखत होते. अभ्यासात मी साधारण, खेळात कुणी विचारायचं नाही, फुटबॉलवर बोलण्याइतकी माहिती नाही. आवाज होता. तो काही न विचारता निघून गेला, आणि जागेवर जो आला त्याच्याशी माझी ओळख नव्हती.

मी बोलणंच सोडलं. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायचो. घरी मानेने हो, मानेने नाही. भाजी हवी असेल तर ताट पुढे सरकवायचं. बाबांना हा बदल पसंत पडल्यासारखा दिसला. आम्ही दोघं शेजारी बसून टीव्ही बघायचो आणि तासभर कुणी काही बोलायचं नाही. आई मात्र घरभर एकटीच बोलत फिरायची, आणि मधेच थांबून माझ्या उत्तराची वाट बघायची.

थंडी पडायला लागली तेव्हा दिग्दर्शकाने आम्हाला दोघांना बोलावलं. मला वाटलं, आता उरलेलंही आईकडून करून घेणार आणि मला रीतसर नारळ देणार. त्याने आम्हाला बसवलं, दिवे मालवले आणि सुरुवातीचा प्रसंग लावला. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग त्याने ठेवलं होतं. गोल डोळ्यांचं पिल्लू तळ्याकाठी आलं आणि माझ्या त्या फाटक्या आवाजात म्हणालं, "आई, मला पाण्यात जायचंय." बाजूची पिल्लं खो खो हसली. ते हसणं खोटं नव्हतं. माईक चालू होता आणि पोरं मला हसली होती. पडद्यावरच्या पिल्लाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि हसल्यासारखं तोंड केलं. ते चित्र आधीच काढलेलं होतं, पण त्या दिवशी माईकपाशी मीही नेमकं तसंच तोंड केलं होतं.

दिग्दर्शकाने मग शेवट लावला. बाघरोल आता मोठं, खांदे भरलेलं, पुरातून निथळत बाहेर येतं आणि माझ्या मे महिन्यातल्या बासरीसारख्या आवाजात म्हणतं, "मी पाण्यात जाणार." दिवे लागले.

"समझा?" त्याने मला हिंदीत विचारलं. "सुरुवातीला हा घोगरा आहे, सगळे हसतात. शेवटी गोड होतो आणि सगळे त्याला घरात घेतात. म्हणजे आपण मुलांना काय सांगतोय? आवाज सुधारा, मग या. माझा सिनेमा उलटा झाला." त्याला शेवट माझ्या आताच्या आवाजात पुन्हा हवा होता. बोक्याचं बोलणं होतं तसं राहील, फक्त माझी वाक्यं नवी.

"नाही," आई म्हणाली.

दिग्दर्शकाला वाटलं तिला भाषा कळली नाही. त्याने पुन्हा समजावलं. आई म्हणाली, तुम्ही सुरुवात माझ्या आवाजात करा, शेवट तसाच राहू द्या, आमच्या सगळ्या नातेवाइकांनी ऐकलाय तो, सगळ्यांना आवडलाय. दिग्दर्शक म्हणाला, "बौदी, तो आवाज चांगला आहे, पण तो ह्याचा नाही." आणि बोट माझ्याकडे केलं. आईने माझ्याकडे बघितलं. मग खूप हळू, मराठीतच, जणू त्याला कळणार असल्यासारखं म्हणाली, "तो पुसू नका हो. तेवढाच राहिलाय."

मला एकदम कळलं की इतके दिवस मी ज्याच्यासाठी रडत होतो त्याच्यासाठी तीही रडत होती. फक्त ती हळद-दूध देऊन रडत होती. आणि हेही कळलं की आता ठरवायचं मला होतं, कारण दोघंही माझ्याकडे बघत होते. मे महिन्यातला आवाज ठेवला तर सिनेमात मी निम्मा राहणार, तोही आता नसलेला. तो गेला तर पूर्ण मी राहणार, पण हा असा, हवालदाराच्या घशाचा, मंडळातल्या सगळ्यांसमोर, साताऱ्याच्या आजीसमोर.

माझी बोलायची सवय मोडली होती. उठलो आणि काचेमागच्या खोलीत जाऊन हेडफोन लावले.

पहिल्या टेकला "पाण्यात" दोन तुकड्यांत आलं. दुसऱ्याला "काठावर" मधेच गायब झालं. मी आवाज आवळून, सांभाळून, पायरी बघत उतरावं तसा बोलत होतो. दिग्दर्शक म्हणाला, अरे, पुरातून पोहत आलायस, दमलायस, चिडलायस, सांभाळतोयस काय? मला खरंच राग आला. त्याचा, पोरांचा, ज्येष्ठमधाचा. "मी पाण्यात जाणार," मी म्हणालो, आणि ते वर गेलं, खाली गेलं, फाटलं, आणि मी ते जाऊ दिलं. "तुम्ही काठावर बसा. मी मासे आणतो." काचेपलीकडे साउंडवाल्याने अंगठा वर केला.

एक अडचण उरली होती. यावर बोका काका मे महिन्यात म्हणून गेले होते, "शाब्बास, काय गोड बोललास." आता ते ठेवणं म्हणजे काका बहिरे ठरले असते, आणि बिलासपूरहून त्यांना बोलावणार कोण. दिग्दर्शकाने तो प्रसंग पुढे-मागे करून बघितला. बोक्याच्या शेजारी मांजरी उभी होती, आपल्याकडे पाठ करून. पाठमोऱ्या पात्राचं तोंड दिसत नाही, तेव्हा त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. तो आईला म्हणाला, "बौदी, इथे तुम्ही बोला. काहीही. तो पाण्यात जाणार म्हणतोय, त्यावर आई काय म्हणेल?"

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता. लिहिल्याशिवाय ती कधी बोललेली नव्हती. तिने घसा साफ केला, पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं, आणि पडद्यावर बाघरोलाने मान वळवली तेव्हा म्हणाली, "जा. आल्यावर डोकं नीट पुस."

म्हणताना "पुस" वर तिचाही आवाज फाटला. ती लगेच म्हणाली, "पुन्हा घ्या, हे नीट आलं नाही." दिग्दर्शकाने मान हलवली आणि मशीन बंद केलं.

परतताना मेट्रोत आम्हाला शेजारी जागा मिळाली. आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाली, "बोल की काहीतरी."

"काय बोलू?" मी म्हणालो. समोरचा माणूस दचकून माझ्याकडे बघायला लागला.

"काहीही. डमडम येईपर्यंत." मग तिने समोरच्या माणसाकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने फोनमध्ये डोकं घातलं. मी बोलायला लागलो. शाळेतलं, गणिताच्या सरांचं, महिन्याभराचं साठलेलं सगळं. आवाज वर जात होता, खाली येत होता, आणि आई तोंडात ज्येष्ठमध धरून ऐकत होती.